अठरा मिनिटं

शेवटच्या थांब्यावर माझी बस अठरा मिनिटं थांबते.
एकवीस वर्षं ती अठरा मिनिटं मी
थर्मासमधल्या चहावर, कालच्या वर्तमानपत्रावर
आणि आरशात दिसणाऱ्या स्वतःच्या मानेवर घालवली.
"हामुरो चित्रालय," मी माइकवर म्हणतो,
"कृपया सामान विसरू नका."
आत काय आहे, कधी पाहिलं नाही.

माणसं मात्र पाहिली, परतताना.
एक बाई सुट्टे पैसे मोजता मोजता हसायला लागली.
एक विद्यार्थी छत्री विसरला, आठवडाभरानं
ती न्यायला आला आणि पुन्हा विसरून गेला.
बाकीच्यांनी एवढंच विचारलं,
गावात नूडल्स बरे कुठे मिळतात.
त्यावरून मी ठरवून टाकलं होतं
की चित्रं ठीकठाक असावीत.

मार्चमध्ये हा मार्ग बंद होतोय.
आज एकही उतारू नव्हता.
हँडब्रेक ओढला, टोपी सीटवर ठेवली,
पुन्हा उचलून डोक्यावर घातली,
आणि गेलो.

हामुरोबाई तिकीट फाडायला तयार नव्हत्या.
"तुम्ही तर घरचेच."
मी पाचशे येनचं नाणं पुढे सरकवलं.
घरचं म्हणवून घ्यायला
निदान एकदा तरी यायला हवं होतं.

सासऱ्यांचा व्हिनेगरचा कारखाना, त्यांच्या हौसेची ही चित्रं.
आता विजेचं बिल झेपत नाही,
म्हणून बाई पुढे होऊन एका खोलीचा दिवा लावतात
आणि मागच्या खोलीचा मालवतात.
उजेड आमच्याबरोबर चालत होता.
दोन नंबर लहान सपातांत
मी त्याला गाठत होतो.

पहिल्या खोलीत डोंगर.
दुसरीत काकीची फळं, एक पक्ष्यानं टोचलेलं.
"हा निळा म्हणजे दळलेला दगड. हिरवाही दगडच.
सरस कातड्याचा, मंद आचेवर विरघळवायचा,
उकळला की धरत नाही."
मी मान हलवत होतो,
विनातिकिटाची सबब ऐकताना हलवतो तशी.

तिसऱ्या खोलीत बगळा.
ओहोटीचा चिखल, म्हणजे रेशमावर
शाईचे चारदोन ओले हात,
आणि त्यात एका पायावर
डोळ्यांना गार लागेल असा पांढरा.

"शिंपल्यांचा," बाई म्हणाल्या. "कालवांच्या.
उघड्यावर टाकून ठेवतात दहा-पंधरा वर्षं,
उन्हापावसात, सगळा खार, सगळा वास जाईपर्यंत.
मग दळतात."

आमच्या घरामागे तसा ढीग होता.
आई पहाटे दोनला शेडमध्ये जायची,
हिवाळाभर कालवं फोडायची.
अंगठ्याच्या मुळाशी कायमची चीर,
तिच्यावर इन्सुलेशन टेप, बाबांच्या पेटीतला.
शाळेत माझ्या बाकावर मी एकटाच.
एकदा एक ट्रक आला.
त्या माणसानं ताजे शिंपले बाजूला सारले,
तळाचे, जुने, राखाडी तेवढे भरून नेले.
"कोंबड्यांना घालत असतील," आई म्हणाली.

मी जवळ गेलो. काच नव्हती, नुसती दोरी होती.
पीस न् पीस वेगळं,
मानेपाशी रंग इतका जाड
की त्याची त्यालाच सावली.
मी दोरीवरून वाकलो.
हो, वास घ्यायला.
कसलाच आला नाही.

बाईंचा हात बटणावर होता.
त्यांनी ते दाबलं नाही,
काही विचारलंही नाही.
बाहेर माझं इंजिन बंद, दार उघडं,
आणि घड्याळात सतरा मिनिटं होऊन गेलेली.

बस दोन मिनिटं उशिरा सुटली.
नोंदवहीत उशिराच्या कारणाला बोटभर जागा असते.
मी लिहिलं: बगळा.

संध्याकाळी डेपोतल्या उरागामीनं वही पाहिली.
"रस्त्यात? मग उडाला का?"
"नाही," मी म्हटलं.
"उभाच आहे."